यंत्र घरचे, प्रायमर मक्तेदाराचा

अमेरिकेतील अनेक नेमबाज रायफलची काडतुसे घरी भरू लागतात ते काटकसर म्हणून. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी पुन्हा वापरता येते. प्रायमर, दारू व गोळी तेवढी नवी लागते. हा हिशेब खोटा नाही, अपुरा आहे. दाबयंत्र, साचे, तराजू यांत आरंभीच भांडवल अडकते. विक्रीस संघीय परवाना लागत असल्याने ते स्वतःच्याच वापरातून फिटावे लागते. काडतूस स्वस्त पडले की नेमबाजी वाढते आणि बचत तिथेच जिरते. स्वतःच्या श्रमाचे तास तर वहीत चढतच नाहीत.

खरा प्रश्न स्वावलंबनाचा आहे. प्रायमर मोजक्याच कंपन्या बनवतात. २०२० साली टंचाई आली तेव्हा घरोघरची यंत्रे प्रायमरवाचून थांबली. फेडरल, सीसीआय व रेमिंग्टन यांचा काडतूस-व्यवसाय एकाच छत्राखाली आला आणि २०२४ मध्ये तो चेकोस्लोव्हाक ग्रुपने विकत घेतला. माग आपला, सूत व्यापाऱ्याचे, ही विणकराची जुनीच कोंडी येथे दिसते. अवजाराची मालकी म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. कच्च्या मालावर ताबा कोणाचा, हे आधी विचारले पाहिजे.