पोटाचा निरोप पोहोचू द्या

आपल्या वस्तीत कितीतरी घरांत आई सगळ्यांत शेवटी जेवते. भांडी पडलेली असतात म्हणून 5 मिनिटांत उरकते. दिवसभर भूक चहावर मारलेली. मग रात्री दोन घास जास्त गेले की घरचेच म्हणतात, "हावरी झाली."

हा हावरेपणा नव्हे. पोट रिकामे असले की जठरातून घ्रेलिन नावाचे संप्रेरक रक्तात मिसळते आणि मेंदूला भूक कळवते. जेवताना जठर ताणले जाते, ती खबर व्हेगस नावाच्या नसेतून वर जाते. डाळ, अंडी, शेंगदाणे यांतली प्रथिने आणि तेल लहान आतड्यात उतरले की आतडेही 'पुरे' सांगणारी संप्रेरके सोडते. त्यांच्यामुळेच पित्त वाहू लागते आणि जठर पुढचे अन्न सावकाश सोडते. या सगळ्याला 15-20 मिनिटे लागतात. ताट 5 मिनिटांत संपले तर निरोप पोहोचणार कधी? रात्रपाळीवाल्यांचेही तेच, झोप कमी पडली की भूक वाढते.

राजा पसेनदी भरमसाट जेवून धापा टाकत भगवान बुद्धांकडे आला, तेव्हा बुद्धांनी त्याला मात्रा ओळखून जेवायला सांगितले. पण राजाला जेवायला वेळ होता! आपल्या आयाबहिणींना तो घरानेच द्यायचा आहे. रात्री सगळ्यांनी एकत्र बसा, पातेले मध्ये ठेवा, ज्याने त्याने वाढून घ्यावे. डाळ उरली तरच तिला, हे बंद करा. आणि भांडी मुलांनाही घासता येतात.