कोरफडीची कुंडी आणि पाण्याची माया

ह्या मासिकांत ऊस, कापूस, ज्वारी अशा थोर पिकांची चर्चा चालत असतां एका लहानशा कुंडींतील कोरफडीकरितां जागा मागावी, हें कांहीं वाचकांस विनोदाचें वाटेल. परंतु ह्या क्षुद्र झाडानें मला दिलेला धडा आपल्या शेतांसही लागू आहे, असें माझें मत असल्यामुळें हें लिहिण्याचें धाडस करीत आहें.

महसूल खात्यांत कारकुनी करीत होतों, तोंवर आमच्या कैलासवासी मातोश्रींनीं लावलेली कोरफड पडवींत सुखानें वाढत होती. कोणास आठवण झाली तर तिला पाणी मिळे, न झाली तर न मिळे. पुढें मी निवृत्त झालों, हाताशीं वेळ आला, आणि रोज सकाळीं तिला तांब्याभर पाणी घालूं लागलों. दोन महिन्यांत खालचीं पानें पिवळीं व पाणचट झालीं. उन्हाचा ताप असावा असें वाटून मीं पाणी दुप्पट केलें. शेवटीं झाड अलगद हातांत आलें. मुळांच्या जागीं काळा चिखल होता.

कारण उघड आहे. बहुतेक झाडें पानांचीं छिद्रें दिवसा उघडतात. कोरफड तीं रात्रीच्या गारव्यांत उघडते. त्यामुळें तिचें पाणी फार थोडें उडून जातें, आणि पानांतील गरांत तिचा सांठा असतोच. तिच्या मुळांस ओलीइतकीच हवाही लागते.

म्हणून कुंडीस बुडाशीं भोंक असावें. निव्वळ काळी माती घालूं नये. ती पाणी धरून बसते. पोयटा आणि जाड वाळू समभाग घेऊन त्यांत मूठभर मुरलेलें शेणखत मिसळावें. बोट दोन पेरें मातींत घालून पाहावें. कोरडें लागलें तरच बुडांतून निथळेपर्यंत पाणी द्यावें. पावसाळ्यांत कुंडी पागोळ्यांखालीं ठेवूं नये. पान पातळ पडून आंत वळलें तर तहान समजावी. मऊ व पाणचट झालें तर पाण्याचा अतिरेक. अशा वेळीं झाड उपटून सडका भाग कापावा, चार-पांच दिवस सावलींत सुकवून कोरड्या मातींत लावावें, आणि आठवडाभर पाणी दाखवूं नये. मातोश्रींच्या झाडाचें एक पिलूं मीं असेंच वाचविलें. तें आज वीतभर झालें आहे.

आतां शेताकडे पाहूं. तहान न पाहतां पाणी देण्याची खोड माझी एकट्याची नाहीं. नीरा डाव्या कालव्याखालीं विसाव्या शतकाच्या आरंभींच जमिनी पाणथळ व खारवट होऊं लागल्या होत्या. आज कृष्णाकांठीं सांगली-कोल्हापुराकडे उसाच्या जमिनी क्षारपड झालेल्या आपण पाहतों. पाळी आली म्हणून, वीज आली म्हणून, शेजाऱ्यानें दिलें म्हणून आपण पाणी देतों. जमिनीस विचारीत नाहीं. कुंडी गेली तर दुसरी मिळते. जमीन गेली तर निचऱ्याचा खर्च पुढच्या पिढीच्या माथीं बसतो.

पाहणी केल्यावांचून नोंद करूं नये, असा आमच्या कचेरींतला धडा होता. पाण्यासही तोच लावावा. ज्याच्या घरीं शाळकरी मूल आहे, त्यानें एक कोरफड लावून तिची देखरेख त्या मुलाकडे सोंपवावी. 'आज पाणी नको' असें म्हणण्यास तें शिकलें, तर पुढें विहिरीवरची मोटार सुरू करतांना तें क्षणभर थांबेल.

— एक निवृत्त महसूल कारकून