तोंड वाकडं झालं? पहिले तीन दिवस हातचे घालवू नका

सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या एका कडेने गळायला लागतं. आरशात पाहावं तर तोंड एका बाजूला ओढलेलं, दुसऱ्या बाजूचा डोळा मिटत नाही, हसायला गेलं की अर्धाच चेहरा हसतो. घरात रडारड सुरू होते. कुणी म्हणतं लकवा मारला, कुणी म्हणतं वारं गेलं, कुणी म्हणतं बाहेरचं आहे. मग अंगारा, उतारा, तेलाची मालीश, कबुतराच्या रक्ताचा लेप. आठ-दहा दिवस असेच जातात आणि मग दवाखाना आठवतो.

नर्स म्हणून वॉर्डात काम केलं, आता वस्त्यांमध्ये करते. दोन्हीकडे पाहून माझं मत झालं आहे की या आजारात आजारापेक्षा उशीर जास्त नुकसान करतो. आणि त्या उशिराचा सगळा दोष पेशंटच्या अडाणीपणावर टाकणं हा अन्याय आहे.

आधी आजार समजून घेऊ. चेहऱ्याच्या प्रत्येक बाजूला एक नस असते, मेंदूतून निघणारी सातवी नस. कानामागच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून ती चेहऱ्यावर येते. तिला सूज आली की ती त्या बोगद्यात दाबली जाते आणि त्या बाजूचे स्नायू ढिले पडतात. कानामागे दुखणं, जिभेची चव जाणं, आवाज कर्कश वाटणं हेही होतं. याला बेल्स पाल्सी म्हणतात. स्कॉटलंडचे सर्जन चार्ल्स बेल यांच्यावरून हे नाव पडलं. वर्षाला लाखात साधारण १५ ते ३० लोकांना हा आजार होतो. मधुमेह असणाऱ्यांना आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत त्याचा धोका जास्त. यात कुणाची करणी नाही आणि कुणाचं पापही नाही.

आता भगताचं नाव कसं होतं ते पाहा. डेन्मार्कमध्ये उपचार न घेतलेल्या १७०१ रुग्णांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. शंभरातले सुमारे ७१ जण आपोआप पूर्ण बरे झाले. म्हणजे दहा जण भगताकडे गेले तर सात जण तसेही बरे होणारच होते, श्रेय मात्र अंगाऱ्याला मिळतं. उरलेल्या तिघांचं काय? कुणाचा चेहरा थोडा ओढलेलाच राहतो, कुणाचा हसताना डोळा आपोआप मिटतो. त्यांची गोष्ट भगत कधी सांगत नाही.

त्या तिघांसाठीच औषध आहे. प्रेडनिसोलोन नावाची साधी, स्वस्त स्टिरॉईडची गोळी. स्कॉटलंडमध्ये ७२ तासांच्या आत ही गोळी सुरू करून अभ्यास झाला, तो २००७ साली प्रसिद्ध झाला. नऊ महिन्यांनी गोळी घेतलेल्यांपैकी शंभरात ९४ जण पूर्ण बरे झाले होते, न घेतलेल्यांपैकी ८२. म्हणून म्हणते, पहिले तीन दिवस मोलाचे. पण मेडिकलमधून स्वतःहून गोळी आणू नका. तिने साखर वाढते; मधुमेह, टीबी, गरोदरपण असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

डॉक्टरांनी पाहणं आणखी एका कारणासाठी गरजेचं आहे. तोंड वाकडं होणं ही मेंदूच्या झटक्याचीही खूण असते. बेल्स पाल्सीत त्या बाजूच्या कपाळावर आठ्या पडत नाहीत, झटक्यात बहुधा पडतात. पण हा निवाडा घरी करत बसू नका. हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, तोल गेला, तर त्याच मिनिटाला १०८ ला फोन करा. तिथे हिशोब दिवसांचा नसून तासांचा आहे. कानात पुरळ, कान वाहणं किंवा अंगावर बधीर चट्टा असेल तर तेही दाखवा. नागीण, कानातला जंतुसंसर्ग आणि कुष्ठरोग यांतही ही नस दुखावते आणि त्यांचे उपचार वेगळे आहेत.

डोळ्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. तो मिटत नाही, म्हणून कोरडा पडतो, धूळ जाते, बुबुळाला जखम होते. चेहरा महिन्या-दोन महिन्यांत सुधारेल, पण गेलेली नजर परत येईलच असं नाही. डॉक्टरांनी दिलेले थेंब दिवसभर घाला, बाहेर चष्मा लावा, रात्री पापणी मिटवून वरून चिकटपट्टी लावा. डोळा लाल झाला किंवा दुखला तर लगेच दाखवा.

चेहऱ्याचं आणखी एक दुखणं आहे, ते पाचव्या नसेचं. त्यात तोंड वाकडं होत नाही. दात घासताना, घास चावताना, वाऱ्याची झुळूक लागली तरी गालात विजेचा झटका बसल्यासारखी कळ येते आणि काही सेकंदांत जाते. दाताचं दुखणं समजून लोक चांगले दात काढून घेतात, कळ तशीच राहते. दात काढण्याआधी नसेची तपासणी करायला सांगा. यावर कार्बामाझेपिन हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालतं.

आता दोष कुणाचा ते बोलू. जिची दिवसाची मजुरी बुडाली की संध्याकाळची चूल अडते, ती बाई सकाळच्या ओपीडीच्या रांगेत कशी उभी राहणार? भगत रात्री नऊलाही भेटतो, पैसे नंतर घेतो, पाठीवरून हात फिरवतो. सरकारी दवाखान्यात "हे इथे होत नाही, मोठ्या दवाखान्यात जा" एवढंच ऐकायला मिळालं तर माणूस कुठे जाणार? म्हणून आपण मागायचं ते हे: वस्तीजवळच्या दवाखान्यात संध्याकाळची ओपीडी, ही गोळी आणि डोळ्याचे थेंब कायम शिल्लक, आणि आशाताईंना या आजाराची ओळख. या मागण्या महाग नाहीत.

आणि एक मागणी आपल्याच लोकांकडे. घरकामाला जाणाऱ्या बाईला "चेहरा नीट झाला की ये" म्हणून बसवलं जातं. लग्न ठरलेल्या मुलीला घरात लपवलं जातं. हा आजार असा कुणाला लागत नाही आणि बहुतेकांचा बरा होतो. तिच्यासोबत बसून जेवा, घास सांडला तर हसू नका, कामावर बोलणं करायला सोबत जा. तिला पहिल्याच दिवशी दवाखान्यात नेणारं कुणीतरी हवं. ते शेजारी म्हणून आपणच असायला हवं.