इंजिनिअर, वकील आणि आपली सही

शनिवार सकाळ. विरार फास्टमध्ये लटकायचं नाही, स्टँडअप मीटिंग नाही, चहा दोनदा प्यायचा आणि मग ब्लॉग लिहायचा असा माझा साधा बेत असतो. पण या वेळी दुसऱ्या चहाच्या आधीच बेल वाजली. आमच्या मजल्यावरचा मुलगा, नुकताच इंजिनिअर झालेला, हातात ऑफर लेटरचं बाड घेऊन दारात उभा. "दादा, पॅकेज बरं आहे ना?"

पॅकेज बरं होतं. पण बाड बावीस पानांचं होतं, आणि चौदाव्या पानावर लिहिलं होतं की दोन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर दोन लाख भरावे लागतील. मी विचारलं, "हे वाचलंस का?" तो हसला. "सगळेच सही करतात ना दादा."

मंडळी, खरं सांगतो, हे वाक्य ऐकून मला राग आला नाही, लाज वाटली. कारण सहा वर्षांपूर्वी मीही हेच म्हणालो होतो. चौदा महिन्यांनी ती नोकरी सोडली तेव्हा पैसे भरेपर्यंत रिलीव्हिंग लेटर अडवून ठेवलं होतं. नवीन कंपनीत रुजू व्हायची तारीख जवळ येत होती. शेवटी बाबांनी एफडी मोडली. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, त्याने काही साधणार नाही. पण त्या तीन आठवड्यांत एकाही वकिलाला एकही प्रश्न विचारावा असं मला सुचलं नाही, हे मात्र लिहायलाच हवं. कोर्टकचेरी म्हणजे आपलं काम नाही, ते भांडखोर लोकांचं, हे आपल्या घरांत लहानपणापासून डोक्यात बसवलेलं असतं. "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" वगैरे.

असो. या आठवड्यात म्हणूनच एका वकिलाबद्दल लिहायचं ठरवलं. कॉलिन गोन्साल्विस. आडनाव ऐकून वसईकरांचे कान टवकारले असतील, पण कारण ते नाही. कारण हे की हा माणूस मुळात आपल्यासारखाच इंजिनिअर. आयआयटी मुंबईतून १९७५ मध्ये सिव्हिल इंजिनिअरिंग. पुढे खाण कामगारांच्या युनियनबरोबर काम करता करता त्यांना कायद्याची ओढ लागली आणि १९७९ मध्ये त्यांनी रात्रीच्या वर्गाला नाव घातलं. विद्यार्थी असतानाच पहिली केस हातात आली, ती लॉकआउट झालेल्या सुमारे ५००० कामगारांच्या युनियनची. आपण शिकत असताना मिनी प्रोजेक्ट कॉपी करत होतो, हे आपलं आठवलं म्हणून सांगितलं. :)

तो काळ कोणता, ते लक्षात घ्या. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, नुसता विरत गेला. लालबाग-परळमधली किती घरं त्यानंतर नालासोपारा, विरारच्या चाळींत आली हे आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या सोसायटीत विचारा. आमच्या बिल्डिंगमध्ये दोन घरं आहेत. त्यातले एक आजोबा अजून गिरणीचा पास जपून ठेवतात. अशा काळात गोन्साल्विस कामगारांची वकिली करत होते. १९८९ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर मुंबईत ह्यूमन राइट्स लॉ नेटवर्क उभं केलं, पुढे मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना ज्येष्ठ वकील म्हणून मान दिला, आणि नंतर ते दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१७ मध्ये त्यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. त्या वर्षीच्या मानकऱ्यांत रॉबर्ट बिलॉट हे अमेरिकन वकीलही होते, ड्यूपाँट कंपनीच्या रसायनांनी पाणी दूषित झालं म्हणून वर्षानुवर्षं लढलेले. एक कामगारांच्या बाजूने सुरुवात केलेला, दुसरा कंपन्यांची वकिली करत आलेला, आणि दोघांचं खरं काम एकच: कंटाळवाणे कागद चिकाटीने वाचणं.

माझा आजचा मुद्दा इथे सुरू होतो. आपल्याला वकील म्हटलं की सिनेमातला टेबलावर मूठ आपटणारा आठवतो. प्रत्यक्षात ती कारकीर्द आपल्या डिबगिंगसारखी असते. कोणी, कधी, कशावर सही केली. अट कुठे सुरू होते, कुठे संपते.

आता बाँडचंच घ्या. यात आपल्या आजूबाजूच्या माणसांनीच कायदा घडवलाय. पहिली केस कल्याणची. वसई-दिवा गाडीने जाता येईल इतकी जवळ. सेंच्युरीच्या रेयॉन कारखान्यातले शिफ्ट सुपरवायझर निरंजन शंकर गोलिकरी. हॉलंडच्या कंपनीकडून घेतलेलं तंत्रज्ञान होतं, १९६३ पासून पाच वर्षांचा करार होता, आणि वर्ष-दीड वर्षात ते कोट्याच्या एका रेयॉन कंपनीत जास्त पगारावर गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि १९६७ मध्ये गोलिकरी हरले. न्यायालय म्हणालं की कराराची मुदत चालू असताना प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ नये ही अट अशी सरसकट बेकायदा नाही.

दुसरी केस श्रीरामपूरच्या आपल्या झहीर खानची. त्याचं मार्केटिंग पाहणाऱ्या कंपनीचं म्हणणं होतं की करार संपल्यानंतरही नवा करार करताना आधी आम्हाला विचारलं पाहिजे. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. भारतीय करार कायद्याचं कलम २७ म्हणतं की माणसाला त्याचा धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्द. म्हणजे ढोबळमानाने मुदत चालू असताना बंधन चालू शकतं, मुदत संपल्यावर नाही. "सोडल्यावर दोन वर्षं प्रतिस्पर्धी कंपनीत जाणार नाही" ही ओळ तुमच्याही लेटरमध्ये असेल. तिला घाबरण्याआधी झहीरला आठवा.

तिसरी केस अगदी ताजी, आणि ती आपल्या विरोधात गेलेली. विजया बँकेत प्रशांत नारनवरे नावाच्या अधिकाऱ्याने तीन वर्षांच्या आत २००९ मध्ये नोकरी सोडली, बाँडचे दोन लाख हरकत नोंदवून भरले आणि परत मागायला कोर्टात गेले. कर्नाटक उच्च न्यायालयात जिंकले, पण १४ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयात हरले. न्यायालयाने म्हटलं, हे नोकरी करण्यापासून रोखणं नाही. सरकारी बँकेला भरतीची लांबलचक प्रक्रिया पुन्हा करावी लागते, पद वरचं होतं, रक्कम अवाजवी नाही.

हे वाचून एचआरवाले खूश होतील. पण नीट वाचा. निकाल "प्रत्येक बाँड वैध" असं म्हणत नाही. तो मुदत वाजवी आहे का, रक्कम वाजवी आहे का, नुकसान कशाचं, हे तपासतो. दोन आठवड्यांचं ट्रेनिंग देऊन फ्रेशरकडून दोन लाख मागणारी कंपनी या कसोटीवर किती टिकेल, हा प्रश्न विचारता येतो. आणि नारनवरेंनी एक गोष्ट केली जी मी केली नाही: पैसे भरताना हरकत लेखी नोंदवली. त्यामुळे ते निदान भांडू तरी शकले.

आता तुम्ही म्हणाल, कामगार कायदे गिरणीवाल्यांसाठी, आपण काय कामगार? हा आपला आवडता गैरसमज. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यातली औद्योगिक संबंध संहिता 'कामगार' कोण ते सांगते: व्यवस्थापकीय काम करणारे बाहेर, सुपरवायझरचं काम करून महिना १८,००० रुपयांच्या वर कमावणारे बाहेर. पण तांत्रिक काम करणाऱ्यांना पगाराची अशी मर्यादा नाही. आणि कोर्टं आजवर हुद्द्यापेक्षा प्रत्यक्ष काम काय ते पाहत आली आहेत. कार्डावर 'लीड' छापलंय पण दिवसभर कोडच लिहिता, तर तुमची बाजू मांडायला जागा आहे. शिवाय वेतन संहितेप्रमाणे राजीनामा दिला किंवा काढून टाकलं तर हिशोब दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा आहे. पंचेचाळीस दिवसांची सवय झालेल्या आपल्याला हे खोटंच वाटतं!

आणखी एका सहीबद्दल बोलतो, डॉक्टरच्या. आपल्याकडे नालासोपारा-विरार पट्ट्यात बोगस डॉक्टर पकडल्याच्या बातम्या अधूनमधून येतातच. मुंबईतलीच एक केस आहे, पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल. होमिओपॅथीची नोंदणी असलेल्या डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधं दिली, रुग्ण दगावला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ज्या शास्त्राची नोंदणी नाही त्याचे उपचार करणं हाच निष्काळजीपणा. पुढे २०१४ मध्ये महाराष्ट्राने कायदा बदलून एक वर्षाचा औषधशास्त्राचा कोर्स केलेल्या होमिओपॅथना मर्यादित परवानगी दिली. त्यावरून अजूनही वाद पेटतो, सप्टेंबर २०२५ मध्ये डॉक्टरांनी संपही केला. कुणाची बाजू खरी यावर माझं मत: गावात एमबीबीएस मिळत नाही हे खरं, पण पेशंटला समोरच्या पाटीवर नोंदणी कसली आहे ते स्पष्ट कळलं पाहिजे, हे त्याहून खरं.

गोन्साल्विस यांचं काम इथेही भेटतं. रमाकांत राय यांच्या नसबंदीच्या केसमध्ये १ मार्च २००५ ला आदेश निघाला की राज्यांनी शस्त्रक्रिया करणाऱ्या पात्र डॉक्टरांची यादी करावी आणि यादीतल्यांनीच ऑपरेशन करावं. तरीही जानेवारी २०१२ मध्ये बिहारच्या अररिया जिल्ह्यात एका शाळेत, रात्री टॉर्चच्या उजेडात, एकाच सर्जनने ५३ बायकांची ऑपरेशनं केली. देविका बिस्वास कोर्टात गेल्या, वकील पुन्हा गोन्साल्विस, आणि २०१६ मध्ये न्यायालयाने अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितली. एक केस जिंकून काम संपत नाही, तोच बग पुन्हा उघडतो. पण पहिला आदेश कागदावर होता म्हणून दुसऱ्या वेळी शून्यापासून सुरुवात करावी लागली नाही.

मला वाटतं, ज्येष्ठ वकिलाच्या कारकिर्दीचा अर्थ हाच. तो सगळ्यांना वाचवत नाही. गिरण्या वाचल्या नाहीत, गोलिकरी हरले, नारनवरे हरले. पण प्रत्येक निकालाने पुढच्याला कळतं की भिंत कुठे आहे आणि दार कुठे. आपण ती माहिती फुकट वापरू शकतो, आणि वापरत नाही.

तर त्या मुलाचं काय झालं? आम्ही दोघांनी मिळून एचआरला मेल लिहिला. दोन लाख कशाचे, ट्रेनिंग किती दिवसांचं, आणि कंपनीनेच काढलं तरी बाँड लागू होणार का? सोमवारी रात्री उत्तर आलं. पहिल्या दोन प्रश्नांना "कंपनीचं धोरण". तिसऱ्याला मात्र, "नाही, तसं लेखी देऊ."

त्याने सही केली. घरी पैशांची गरज आहे, मीही त्याच्या जागी केलीच असती. पण या वेळी बावीसच्या बावीस पानं वाचून केली, आणि तो मेल प्रिंट काढून फायलीत लावलाय. त्याची आई मला म्हणाली, "एवढं काय ते लिहायचं, नोकरी जाईल की काय."

गेली नाही. चला, चहा गार झाला. पुढच्या शनिवारी भेटू.