आजोबांच्या क्यूचा भाव

गेल्या दिवाळीत पंचवटीतल्या वाड्याचा माळा झाडताना काळ्या रंगाची, पाचेक फूट लांबीची पत्र्याची नळी हाती लागली. आत बिलियर्ड्सची काठी. तिला ‘क्यू’ म्हणतात. आजोबा देवळाली कॅम्पात साहेबांच्या मेसमध्ये मार्कर होते. मार्कर म्हणजे गुण मांडणारा, चेंडू जागेवर लावणारा, क्यूच्या टोकाची कातडी टिप बदलून देणारा आणि समोर भिडू नसला तर साहेबाशी खेळून बेताने हरणारा माणूस! मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत गोरे शिपाई देवळालीत इतके रखडत की, डोके फिरण्याला इंग्रजीत ‘डूलॅली’ असा शब्दच रूढ झाला. अशा रिकाम्या वेळाचा मोठा आधार म्हणजे हे हिरवे टेबल. स्नूकर हा खेळसुद्धा १८७५ साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्येच जन्मला. १९४७ मध्ये निघताना एका साहेबाने ही क्यू आजोबांना दिली.

पुतण्याने लगेच मोबाइलवर शोध घेतला आणि घरात लाखांचे आकडे उडू लागले. त्याने वाचले ते खोटे नव्हते. जॉर्ज बालाबुष्का हा लहानपणी रशियातून अमेरिकेत आलेला लाकूडकामातला कारागीर. १९५९ मध्ये त्याने हौसेने पूलच्या क्यू बनवायला घेतल्या. १९७५ मध्ये तो गेला. मधल्या काळात अंदाजे हजार-बाराशे नग झाले असतील. १९८६ च्या ‘द कलर ऑफ मनी’ या चित्रपटाने त्याचे नाव सर्वतोमुखी केले. गंमत अशी, की पडद्यावरची क्यू त्याची नव्हतीच; जॉस नावाच्या दुसऱ्या कंपनीने ती त्याच्या धाटणीने केली होती. तरी भाव चढले आणि भावामागोमाग नकलाही आल्या.

“काका, आपलीही जुनीच आहे की!” पुतण्या म्हणाला.

जुनेपण आणि किंमत यांची आपण फार सहज सांगड घालतो. आपल्या भांडी बाजारात आजीचा तांब्याचा हंडा मोडीत जातो तो वजनावर. त्यावर कोरलेल्या नावाचे कुणी वेगळे देत नाही. क्यूचे उलटे आहे. तिचे वजन जेमतेम अर्धा किलो, आणि लाकूड म्हणून ती बंबातच जायची. भाव ठरतो तो ती कुणी घडवली, कुणी वापरली, सरळ आहे का आणि या सगळ्याला पुरावा काय, यावर.

आमच्या क्यूच्या बुडाशी एका नामांकित इंग्रज खेळाडूच्या नावाची पांढरी पट्टी आहे. दोन दिवस आम्ही समजत होतो, ही त्याचीच! मग उलगडा झाला, की त्या काळी कंपन्या विजेत्यांच्या नावाच्या पट्ट्या लावून असल्या क्यू सर्रास विकत. दुकानातल्या बॅटवर फलंदाजाची सही असते ना, तसेच. शिवाय पट्टी अस्सल हस्तिदंताची निघाली, तर विकण्याचा प्रश्नच मिटला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ आणि १९९१ मध्ये दुरुस्त्या झाल्यापासून हस्तिदंताचा व्यापार आपल्याकडे बंद आहे. जुने हस्तिदंती चेंडू जपून ठेवलेल्या घरांनीही हे ध्यानात ठेवावे.

तरी जुन्या वस्तूंचा एक व्यापारी येऊन गेलाच. दोन हजार म्हणाला. वर सल्ला दिला, “घासून पॉलिश करून ठेवा, चार पैसे जास्त मिळतील.” इथे मात्र माझे डोके फिरले. मूठ धरायच्या जागी लाकूड काळेभोर झाले आहे. आजोबांच्या तळहाताची सही असलीच तर ती तेवढीच. ती घासून काढायची?

स्टीफन हेंड्री सात वेळा स्नूकरचा जगज्जेता झाला तो चाळीस पौंडांच्या क्यूने. २००३ मध्ये विमानप्रवासात ती मोडली. तिची किंमत चाळीस पौंड धरायची की सात अजिंक्यपदे? पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्सचे जागतिक अजिंक्यपद मिळवले. कुठल्याही खेळातले ते भारताचे पहिले जगज्जेते. त्यांचे नाव निदान नोंदले गेले. साहेबांच्या क्यू नीट राखणाऱ्या मार्करांची नावे कुणी लिहिली?

म्हणून विकण्याचा विषय मी बंद केला आणि अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आत्यासमोर वही घेऊन बसलो. मेस कुठे होती, पगार कधी व्हायचा, क्यू घरी आली त्या दिवशी आजी काय म्हणाली, सारे उतरवून घेतले. (आजी म्हणाली होती, “ही काठी घेऊन कुठे गुरे राखणार?”) ही वही नळीजवळच राहील. क्यू मात्र माळ्यावर नाही. तिथल्या उन्हाळ्यांनी लाकडाला बाक आलाय. जेवणाच्या टेबलाच्या काचेवर ती गडगडवली तेव्हा तो स्पष्ट दिसला. संग्राहकाच्या लेखी भाव तिथेच उतरला.

पुतण्या हिरमुसला, पण नवी टिप बसवून परवा कॉलेज रोडकडच्या एका क्लबात घेऊन गेला. पूलचे चेंडू जड, या बारीक टोकाला ते मानवायचे नाहीत. म्हणून स्नूकरच्या टेबलावर खेळ, एवढे मी बजावले होते. रात्री बोटांना निळा खडू माखून परतला. हरला होता. बेताने नव्हे, खरोखरीच.