आधी वेस्टर्न घ्या

या आठवड्यात एकच वाक्य दोनदा कानावर आलं आणि आता गप्प बसवत नाही. वेस्टर्न सिनेमा म्हणजे घोडे, टोप्या आणि धूळ, त्याचा आपल्याशी काय संबंध? बघायचाच तर गँगस्टर बघा, तो आपल्या काळाचा. पहिल्यांदा हे संभाजीनगरातला एक तरुण सिनेमावाला बोलला. दुसऱ्यांदा इथे बिडकीनमध्येच, एका निवृत्त गुरुजींचा मुलगा. त्याला वडिलांसाठी डिस्कचा संच घ्यायचा आहे. एकीकडे सर्जिओ लिओनेची डॉलर्सवाली त्रयी, दुसरीकडे ‘गॉडफादर’चे तीन भाग. पैसे एकाचेच आहेत. त्याने मनात ‘गॉडफादर’ नक्की केला होता, फक्त माझा होकार हवा होता. तो मी दिला नाही.

‘गॉडफादर’ थोर आहे, यात वाद नाही. 1972 आणि 1974 चे दोन भाग अजोड आहेत. 1990 चा तिसरा त्या तोडीचा नाही. पण या सगळ्या रक्तपातात न्यूयॉर्कच्या घरी मातीचा एक तुकडा मनात राहतो तो म्हाताऱ्या डॉनच्या टोमॅटोच्या वाफ्यांचा. नातवाशी खेळता खेळता तो तिथेच कोसळतो. बाकी सगळा व्यवहार दालनांतला, टेबलाभोवतीचा. जमीन मागे सिसिलीत राहिली. गँगस्टरची गोष्ट सुरू होते तेव्हा माणूस वावरापासून तुटलेला असतो. वेस्टर्न त्याच्या आधीची गोष्ट सांगतो: वावर हातातून जात असतानाची. बिडकीनच्या माणसाने आधी काय पाहावं, याचं माझं उत्तर एवढ्यावरच ठरतं.

लिओनेचा ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ घ्या. 1968 चा. मॅकबेन नावाच्या आयरिश माणसाने वाळवंटातली एक ओसाड जमीन घेऊन ठेवलेली असते. लोक त्याला वेड्यात काढतात. पण त्या सगळ्या मुलखातलं पाणी त्याच जमिनीत आहे, आणि रूळ पश्चिमेकडे सरकताहेत. वाफेच्या इंजिनाला पाणी लागतं, म्हणजे गाडी इथे थांबणार, म्हणजे इथे स्टेशन होणार, गाव वसणार, हे त्या माणसाने ओळखलेलं असतं. करारात अट एकच: रूळ पोचतील तेव्हा स्टेशन उभं हवं, नाहीतर हक्क गेला. रेल्वेच्या मालकाचा माणूस येतो आणि मॅकबेनला मुलाबाळांसकट संपवतो. शहरातून नव्या नवऱ्याच्या घरी निघालेली बायको उतरते ती थेट मयतीत.

त्यातलं एक दृश्य मी ज्याला त्याला दाखवतो. दारात इमारती लाकडाचा ढीग येऊन पडलाय, तो कशासाठी मागवला ते विधवेला ठाऊक नाही. मग तिला पेटीतलं खेळण्यातलं छोटं स्टेशन आठवतं आणि सगळा उलगडा होतो. पुढे त्याच जमिनीचा लिलाव. खोली माणसांनी भरलेली, पण गुंडांनी प्रत्येकाच्या शेजारी जागा धरलेली. बोली वर जात नाही. कोणी तोंड उघडायला बघतो आणि शेजारच्याकडे पाहून गप्प बसतो. एकही गोळी न झाडता जमीन मातीमोल भावात चाललेली असते. इसार, खरेदीखत आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाबाहेरची गर्दी ज्याने पाहिली आहे, त्याला हे दृश्य समजावून सांगावं लागत नाही.

आता आपल्याकडे या. शेंद्रा-बिडकीन मिळून ऑरिक या औद्योगिक शहराचा पसारा सुमारे 10 हजार एकरांचा. भूसंपादनाचा दर एकरी 23 लाख होता. जुलै 2024 मध्ये टोयोटा किर्लोस्करने इथल्या कारखान्यासाठी राज्य सरकारशी 20 हजार कोटींचा सामंजस्य करार केला. इथे कुणी मॅकबेनसारखा मारला गेला नाही. सरकारने दर जाहीर केला, मोबदला खात्यात आला, अनेकांनी त्यातून घर बांधलं, मुलं शिकवली. हा फरक मोठा आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे. पण मूळ प्रश्न तोच: रूळ कुठून जाणार हे आधी कोणाला कळलं, आणि सातबारा कोऱ्या नजरेने बघत कोण बसलं? हा प्रश्न ‘गॉडफादर’ विचारतच नाही.

जमीन गेल्यानंतरचं पाहायचं असेल तर त्यासाठी न्यूयॉर्क गाठायची गरज नाही. प्रवीण तरडे यांचा ‘मुळशी पॅटर्न’ (2018) आहे. पाटलाने वावर विकलं, पैसा उडाला, बाप हमालीवर आला आणि पोराच्या हातात शस्त्र आलं. मला तो वेस्टर्नचा उत्तरार्ध वाटतो. लिओनेची ती विधवा पहिल्या अंकात पाणी सांभाळून उभी आहे. तो पोरगा, मुळशीचा राहुल्या, दुसऱ्या अंकातला. दुसरा अंक आधी पाहिला तर पोरगं मुळातच वाया गेलेलं होतं असं वाटत राहतं. लिओनेने स्वतःही हाच क्रम धरला, आधी ‘वेस्ट’ आणि 1984 मध्ये गँगस्टरांचा ‘वन्स अपॉन अ टाइम इन अमेरिका’.

संबंध काय म्हणणाऱ्यांना वेस्टर्नच्याच वळणाच्या ‘शोले’चीही आठवण करून द्यायला हवी. 1975 च्या जानेवारीत ‘दीवार’ आला, ऑगस्टमध्ये ‘शोले’. लेखक तेच सलीम-जावेद, नट तोच अमिताभ. गोदीतला हमाल डॉन होतो ती एक गोष्ट, आणि धान्यासाठी गाव लुटलं जातं ती दुसरी. पन्नास वर्षांनंतर गावोगावी तोंडपाठ आहे ती दुसरी.

वेस्टर्नचा एक दोष झाकून चालणार नाही. ज्या जमिनीसाठी गोरे एकमेकांना मारतात ती मुळात कोणाची होती, हे त्यातले बहुतेक सिनेमे सांगत नाहीत. मूळ रहिवासी आले तर हल्लेखोर म्हणून येतात. आपल्याकडे तांड्यांवर राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवूनच ते पाहावेत.

आणि कृपा करून मोबाइलवर पाहू नका. माझे जुने वाचक हे ऐकून कंटाळले असतील, तरी पुन्हा लिहितो. लिओने आडव्या पडद्यासाठी चित्र बांधतो: एका कडेला डोळे, दुसऱ्या कडेला क्षितिजावरचा ठिपका. तळहाताएवढ्या काचेवर तो ठिपका दिसतच नाही. वेस्टर्न कंटाळवाणा म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तो तसाच पाहिलेला असतो, अशी माझी पक्की समजूत आहे. डिस्क घरात राहते. ओटीटीवरचा सिनेमा करार संपला की निघून जातो.

गुरुजींच्या मुलाने अजून पैसे भरलेले नाहीत. त्याला माझं सांगणं असं: डॉलर्सची त्रयी घे. ‘वेस्ट’ त्या संचात नसतो, तो वेगळा मागव. डीव्हीडी असेल तर पाठीवरचा विभाग पाहून घे, भारताचा 5, अमेरिकेचा 1. चुकीचा आला तर घरच्या प्लेअरवर बहुधा लागणार नाही. ‘गॉडफादर’ पुढच्या वाढदिवसाला.