जुना प्रोजेक्टर चालू आहे, मग त्यावर एचडी टीव्ही का दिसत नाही?

दिवा लागतो, पंखा फिरतो, भिंतीवर कंपनीचं नावही उमटतं. पण नव्या एचडी सेट-टॉप बॉक्सची वायर जोडली की पडदा काळा. दुकानात विचारलं तर उत्तर ठरलेलं: "जुना झाला, नवा घ्या."

खरंच नवा घ्यावा लागतो का? नेहमी नाही. आधी नेमकं कुठे अडलंय ते शोधावं लागतं.

पाबळची सवय

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातलं पाबळ अशाच शोधण्याच्या सवयीसाठी ओळखलं जातं. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये इथे विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकायचं, हे त्याचं सूत्र. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने इथे फॅब लॅब उभी राहिली. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ही एक. त्याच नजरेने प्रोजेक्टरकडे बघितलं, तर अडण्याच्या तीन जागा दिसतात.

१. भाषा वेगळी

सेट-टॉप बॉक्सच्या एचडीएमआयमधून डिजिटल सिग्नल निघतो. जुन्या प्रोजेक्टरला मात्र बहुतेकदा १५ पिनांचा व्हीजीए किंवा लाल-हिरव्या-निळ्या पिनांचा कंपोनंट सॉकेट असतो. हे दोन्ही अ‍ॅनालॉग. त्यामुळे एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला व्हीजीए असलेली साधी वायर इथे कामाची नाही. मध्ये सिग्नल बदलणारा कन्व्हर्टर लागतो. व्हीजीएमधून आवाज जात नाही, म्हणून आवाजाची वेगळी पिन असलेला कन्व्हर्टर घ्यावा.

प्रोजेक्टरला डीव्हीआय सॉकेट असेल तर काम सोपं. डीव्हीआयचं डिजिटल चित्र आणि एचडीएमआयचं चित्र एकाच जातीचं. तिथे साधी वायर चालते, फक्त आवाजाची सोय वेगळी करायची.

२. मध्ये कुलूप

वायर बरोबर, कन्व्हर्टर बरोबर, तरी पडदा काळाच? मग बहुधा एचडीसीपी आडवं आलं. कार्यक्रमाची नक्कल होऊ नये म्हणून बसवलेलं हे डिजिटल कुलूप. बॉक्स आधी समोरच्या यंत्राला ओळख विचारतो. उत्तर मिळालं नाही, तर तो संरक्षित चॅनेलचं चित्र पाठवत नाही. एचडीसीपी रुळण्याआधीच्या प्रोजेक्टरकडे हे उत्तर नसतंच.

ओळखायचं कसं? त्याच कन्व्हर्टरवरून लॅपटॉपवरचा घरच्या लग्नाचा व्हिडिओ लावून बघा. तो दिसला आणि चॅनेल दिसला नाही, तर संशय कुलपावर. आपल्याकडे कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने ६५अ कलम आलं. हक्कभंगाच्या हेतूने असं कुलूप तोडलं, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो.

३. ठिपकेच कमी

समजा चित्र आलं. पण ते एचडी असेल का? फुल एचडी चित्रात १९२० × १०८० म्हणजे सुमारे २०.७ लाख ठिपके असतात. वर्गखोल्यांत आणि कार्यालयांत दिसणाऱ्या अनेक जुन्या प्रोजेक्टरची क्षमता १०२४ × ७६८, आकार ४:३. त्यावर रुंद १६:९ चित्र बसवलं की वर-खाली काळ्या पट्ट्या येतात आणि उरतात १०२४ × ५७६, म्हणजे सुमारे ५.९ लाख ठिपके.

गंमत म्हणजे आपल्या जुन्या एसडी टीव्हीच्या चित्रातही ५७६च रेषा होत्या. म्हणजे एचडीचे पैसे भरून उभ्या बारकाव्यात फारसं काही पदरात पडत नाही. पिवळ्या एव्ही पिनेपेक्षा चित्र स्वच्छ दिसेल, इतकंच. १२८० × ७२० क्षमतेचा होम थिएटर प्रोजेक्टर असेल, तर फरक डोळ्यांना जाणवतो.

खर्च करण्याआधी

आधी स्रोत तपासा. डीडी फ्री डिशवरचे बहुतांश चॅनेल एसडी आहेत, तिथे कन्व्हर्टर घेऊन चित्र एचडी होणार नाही. मग प्रोजेक्टरची मूळ क्षमता बघा. खोक्यावर 'फुल एचडी सपोर्ट' लिहिलेलं असलं, तरी त्याचा अर्थ बहुधा तो सिग्नल स्वीकारतो एवढाच. शेवटी मेनूमध्ये दिव्याचे तास बघा. दिवा संपत आला असेल आणि नवा महाग पडत असेल, तर कन्व्हर्टरवर पैसे घालू नका. आणि प्रोजेक्टर टाकायचाच ठरला, तर भंगारात नको. अशा अनेक दिव्यांत पारा असतो, म्हणून तो ई-कचरा संकलनातच द्या.

प्रश्न एका प्रोजेक्टरचा नाही

केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू केलं. तिथे भर आहे तो सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती मिळण्यावर. पण एचडीसीपीने अडवलेल्या प्रोजेक्टरमध्ये दुरुस्त करण्यासारखं काही नसतंच. त्याचा प्रत्येक भाग शाबूत असतो. पाना घेऊन बसणाऱ्या पोराला भाषा कळेल, ठिपके मोजता येतील, कुलपापाशी मात्र त्याचेही हात थांबतात. दुरुस्तीच्या हक्कात या कुलपाचा विचार होणार नसेल, तर चालू यंत्रं 'जुनी' म्हणून भंगारात जातच राहतील.